केसपेपरची जागा घेणारी प्रणाली

रुग्णालयात ज्याला सर्रास केसपेपर म्हटले जाते, त्या साध्या कागदावर रुग्णाची तक्रार, तपासणीत आढळलेली लक्षणे, डॉक्टरांनी केलेले निदान, लिहून दिलेली औषधे आणि पुढच्या भेटीची तारीख एवढे सगळे मावते. आणि तो कागद इतका सवयीचा झालेला असतो, की त्याच्याकडून एकाच वेळी किती कामे करून घेतली जातात याचा विचार सहसा होत नाही. तो डॉक्टरांची स्मरणवही असतो, एका पाळीच्या सिस्टरने दुसऱ्या पाळीच्या सिस्टरसाठी ठेवलेला निरोप असतो, औषधांच्या दुकानासाठी आदेश असतो, विम्याच्या दाव्यासाठी पुरावा असतो आणि वाद न्यायालयात गेलाच तर दस्तऐवजही असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. संगणकीय रुग्णनोंदीची कोणतीही प्रणाली विकत घेताना तिची पहिली स्पर्धा दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीशी नसते, ती या कागदाशी असते. ही गोष्ट नजरेआड झाली, की प्रणालींची तुलना म्हणजे सुविधांचा एक लांबलचक तक्ता भरणे एवढेच काम उरते.

या क्षेत्रातील शब्दांचा घोळ आधी दूर करणे आवश्यक आहे, कारण तीन वेगळ्या वस्तू बाजारात एकाच नावाने विकल्या जातात. एका दवाखान्यात किंवा रुग्णालयात रुग्णावर झालेल्या उपचारांची संगणकातील नोंद म्हणजे इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड, म्हणजेच ईएमआर. तीच नोंद एका संस्थेच्या भिंतींबाहेर जाऊन रुग्णाच्या आयुष्यभराच्या आरोग्याचा पट बनू शकते तेव्हा तिला इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड किंवा ईएचआर म्हणतात. रुग्णनोंदणी, खाटांची उपलब्धता, बिले, औषधसाठा, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या हे सर्व सांभाळणारी व्यवस्था मात्र एचएमआयएस, म्हणजे रुग्णालय व्यवस्थापन प्रणाली, या नावाने ओळखली जाते. भारतात अनेक रुग्णालये ही तिसरी वस्तू घेतात आणि पहिली मिळाली असे समजतात. बिल अचूक निघते, डिस्चार्ज कार्ड छापले जाते, तपासण्यांचे रिपोर्ट पीडीएफच्या रूपाने साठवले जातात, म्हणून नोंदी संगणकीकृत झाल्या असे वाटते. परंतु एखाद्या मधुमेही रुग्णाची गेल्या दोन वर्षांतील रक्तशर्करा डॉक्टरांना एका पडद्यावर ओळीने पाहता येत नसेल आणि त्यासाठी आठ वेगवेगळ्या फाइल उघडाव्या लागत असतील, तर त्या प्रणालीत हिशेब आहे, नोंद नाही.

नोंद म्हणजे काय, या प्रश्नावर अमेरिकेतील डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली मांडलेला विचार आजही पायाभूत आहे. रुग्णाची माहिती ती कोणाकडून आली या क्रमाने, म्हणजे डॉक्टरांचे शेरे एकीकडे आणि प्रयोगशाळेचे कागद दुसरीकडे, अशी न ठेवता रुग्णाच्या प्रत्येक समस्येभोवती ती मांडावी, असे त्यांचे म्हणणे होते: रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसते, त्यावरून काय अनुमान निघते आणि पुढे काय करायचे. त्याच दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात रुग्णांची माहिती हाताळण्यासाठी मम्प्स नावाची संगणकभाषा तयार झाली, आणि अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी घडवलेली व्हिस्टा ही प्रणाली, तसेच ज्युडिथ फॉकनर यांनी १९७९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केलेल्या एपिक या कंपनीची प्रणाली, या दोहोंची मुळे त्या भाषेत आहेत. व्हिस्टा डॉक्टर आणि प्रोग्रॅमर यांनी रुग्णालयाच्या आतच एकत्र बसून घडवली होती, त्यामुळे दिसायला ओबडधोबड असूनही ती वापरणाऱ्यांच्या हाताला बसलेली होती. तिच्या जागी बाजारातील तयार प्रणाली आणण्याचा करार २०१८ मध्ये झाला, ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे ती प्रथम सुरू झाली आणि २०२३ मध्ये दोष दुरुस्त होईपर्यंत पुढील रुग्णालयांतील काम थांबवावे लागले. नवी प्रणाली निवडण्यापेक्षा रुळलेली प्रणाली बदलणे किती कठीण असते, याचे याहून मोठे उदाहरण मिळणे अवघड आहे.

तुलनेच्या तक्त्यांवर विसंबून का राहू नये, हे अमेरिकेतीलच दोन बालरुग्णालयांच्या अनुभवातून फार स्पष्ट होते. ऑक्टोबर २००२ मध्ये पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाने डॉक्टरांचे सर्व आदेश संगणकातूनच देण्याची पद्धत अवघ्या सहा दिवसांत संपूर्ण रुग्णालयात लागू केली. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीने हलवून आणलेल्या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण त्याआधीच्या १३ महिन्यांत २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कारणे शोधताना जे समोर आले ते प्रोग्रॅममधील चुकीपेक्षा कामाच्या रीतीशी अधिक निगडित होते. पूर्वी अत्यवस्थ मूल रुग्णवाहिकेत असतानाच डॉक्टर औषधे सांगून ठेवत आणि ती तयार राहत. नव्या पद्धतीत मूल प्रत्यक्ष पोहोचून त्याची नोंदणी झाल्याखेरीज आदेश टाकताच येत नव्हता. एकेक आदेश देण्यासाठी अनेक वेळा क्लिक करावे लागे, औषधे अतिदक्षता विभागातून मध्यवर्ती औषधालयात हलवली गेली होती, आणि खाटेशेजारी उभे राहून डॉक्टर व परिचारिका जे बोलत ते बोलणे कमी झाले होते. सिॲटलच्या बालरुग्णालयाने त्यानंतर तीच प्रणाली घेतली; मात्र अतिदक्षता विभागात नेहमी लागणाऱ्या आदेशांचे संच आधी तयार केले, पिट्सबर्गचा अनुभव समजून घेतला, आणि तेथे मृत्युदरात वाढ आढळली नाही. विक्रेत्याच्या तक्त्यात या दोन्ही रुग्णालयांच्या प्रणालीपुढे सारख्याच बरोबरच्या खुणा पडल्या असत्या. म्हणून एखादी प्रणाली पाहताना 'यात औषधांचे आदेश देता येतात का' हा प्रश्न अपुरा ठरतो. रात्री दोन वाजता, नाव न सांगता येणारा, शुद्धीवर नसलेला रुग्ण आला तर पहिला आदेश किती सेकंदांत आणि कोणाच्या हातून देता येतो, हे प्रत्यक्ष करून पाहावे लागते.

वेळेचा हिशेब दिवसाच्या ओपीडीतही तितकाच निर्णायक असतो. अमेरिकेतील चार वैद्यकीय शाखांच्या ५७ डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण करणाऱ्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे सुमारे दोन तास संगणक व टेबलावरील कामात जातात असे आढळले होते. जिल्हा रुग्णालयाच्या दारात सकाळी रांग लागलेली असताना असा वेळ कोणत्याही डॉक्टरकडे नसतो, आणि म्हणून नोंद कोण टंकणार, हा प्रश्न भारतात प्रणालीच्या किमतीपेक्षाही आधी विचारला पाहिजे. डॉक्टरांनी मोकळा मजकूर लिहिला तर लिहिणे सोपे होते, पण संगणकाला त्यातून काही समजत नाही. सर्व काही ठरीव चौकटींत भरायला लावले तर संगणकाला समजते, पण रुग्णाचे सांगणे त्या चौकटींत बसत नाही आणि घाईत पहिलाच पर्याय निवडला जातो. या दोन टोकांमध्ये प्रणाली कुठे उभी आहे, निदान, औषधे, ॲलर्जी आणि तपासण्यांची मूल्ये चौकटीत घेऊन बाकीचे वर्णन ती मोकळे सोडते का, यावर तिचा टिकाव अवलंबून असतो.

चौकटीत भरलेल्या माहितीलाही सर्वांना कळणारी भाषा लागते. एकच आजार एक डॉक्टर 'डीएम' असा लिहितो, दुसरा 'टाइप टू', आणि नोंदणीच्या खिडकीवरचा कर्मचारी 'शुगर'. या सर्व नावांमागे एकच संकल्पना आहे हे संगणकाला कळावे म्हणून स्नोमेड सीटी नावाचा वैद्यकीय संज्ञांचा आंतरराष्ट्रीय संग्रह वापरला जातो, ज्यात प्रत्येक संकल्पनेला स्वतःचा क्रमांक असतो. प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी लॉइंक हा संकेतसंच आहे, तर आजारांची गणना करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी हे वर्गीकरण आहे. भारत स्नोमेडच्या संघटनेचा सदस्य असल्यामुळे देशातील कोणत्याही दवाखान्याला तो संग्रह विनाशुल्क वापरता येतो. केंद्र सरकारने ईएचआरची मानके २०१३ मध्ये प्रथम जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅक या संस्थेत आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण ज्या मानकांवर देशभरातील नोंदींची देवाणघेवाण उभी राहायची आहे, त्यांचे तांत्रिक काम महाराष्ट्रात चालते.

खुल्या स्रोताच्या प्रणाली, म्हणजे ज्यांचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही पाहता, बदलता आणि विनाशुल्क वापरता येतो अशा प्रणाली, या तुलनेत स्वतंत्र विचारास पात्र आहेत. त्यांतील ओपनएमआरएस या प्रणालीचा जन्म २००४ साली आफ्रिकेतील एचआयव्हीच्या साथीच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट आणि पार्टनर्स इन हेल्थ या संस्था तिच्यामागे होत्या, आणि केनियातील एल्डोरेट येथे ती सुरुवातीच्या काळात वापरात आली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे संकल्पनांचा कोश. रुग्णाला विचारायचा प्रत्येक प्रश्न आणि त्याचे प्रत्येक संभाव्य उत्तर या कोशात एकेक नोंद म्हणून राहते. त्यामुळे रुग्णालयाला नवा आजार, नवी तपासणी किंवा नवा अर्ज जोडायचा असेल तर माहितीसाठ्याची रचना बदलण्यासाठी प्रोग्रॅमरची वाट पाहावी लागत नाही. याच मोकळिकीची दुसरी बाजू अशी, की प्रत्येक रुग्णालय आपापला कोश रचू लागले तर दोन रुग्णालयांच्या नोंदी पुन्हा एकमेकींना अनोळखी होतात, आणि स्नोमेडसारख्या संग्रहाशी कोशाची सांगड घालण्याचे कष्टाचे काम कोणीतरी करावेच लागते.

ओपनएमआरएसच्या पायावर भारतात उभी राहिलेली बाह्मनी ही प्रणाली लहान रुग्णालयांसाठी विशेष अभ्यासनीय आहे. छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण आणि आदिवासी रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. तेथील गरजांसाठी थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०१२ च्या सुमारास हे काम हाती घेतले. सर्व काही नव्याने घडवण्याऐवजी तीन तयार खुल्या प्रणाली एकत्र बांधल्या गेल्या: वैद्यकीय नोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि बिले व औषधसाठ्यासाठी आज ओडू या नावाने ओळखली जाणारी प्रणाली. नोंदणीच्या खिडकीपासून औषधांच्या खिडकीपर्यंत रुग्ण ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने त्याची माहितीही जावी, हा त्यामागील विचार आहे. रुग्णालयाच्या इमारतीतच ठेवलेल्या सर्व्हरवर ती चालू शकते, त्यामुळे इंटरनेट गेले तरी ओपीडी थांबत नाही. दुर्गम भागातील संस्थेसाठी ही बाब पडद्याच्या देखणेपणापेक्षा कितीतरी मोलाची आहे. मात्र खुली प्रणाली फुकट असते हा समज घातक आहे. परवान्याचे पैसे वाचतात. सर्व्हर, वीज गेल्यावर लागणारी बॅटरी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि बिघाड झाल्यावर येऊ शकेल असा जाणकार माणूस यांचा खर्च उरतोच, आणि तो दरवर्षीचा असतो.

सरकारी रुग्णालयांत नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरची ई-हॉस्पिटल आणि सी-डॅकची ई-सुश्रुत या प्रणाली वापरल्या जातात, आणि मोठ्या संख्येने येणाऱ्या रुग्णांची नोंदणी व्यवस्थित होणे ही त्यांची पहिली गरज असते. खासगी क्षेत्रात एका डॉक्टरच्या दवाखान्यासाठी मासिक वर्गणीवर मिळणाऱ्या आणि दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालींपासून साखळी रुग्णालयांच्या महागड्या प्रणालींपर्यंत मोठा पसारा आहे. वीस खाटांच्या प्रसूतिगृहाने पाचशे खाटांच्या रुग्णालयाची प्रणाली घेणे जितके चुकीचे, तितकेच मोठ्या रुग्णालयाने दवाखान्याची प्रणाली ताणून वापरणे चुकीचे आहे.

रुग्णाची ओळख पटणे, ही वरवर पाहता किरकोळ वाटणारी बाब प्रत्यक्षात सर्व प्रणालींची कसोटी पाहते, आणि महाराष्ट्रात ती अधिकच अवघड होते. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते, क्वचित पहिले नावही बदलते. जन्मतारीख अनेकांना नेमकी ठाऊक नसते आणि वय अंदाजे सांगितले जाते. एकाच गावात एकाच नावाच्या आणि आडनावाच्या अनेक व्यक्ती असतात. आणि चव्हाणसारखे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. इंग्रजी नावांच्या उच्चारांवर बेतलेली शोधपद्धत येथे निरुपयोगी ठरते, आणि जुनी नोंद सापडली नाही की कर्मचारी नवी उघडतो. अशा रीतीने एका व्यक्तीच्या चार अर्धवट नोंदी तयार होतात आणि पेनिसिलिनची ॲलर्जी त्यांपैकी एकीतच राहते. देवनागरीत नाव घेता आणि शोधता येते का, उच्चाराने जवळची नावे समोर येतात का, आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी नंतर सुरक्षितपणे एकत्र करता येतात का, हे प्रत्येक प्रणालीत तपासायला हवे.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत तर नोंदींच्या देवाणघेवाणीचे महत्त्व जितके उघड करते तितके क्वचितच दुसरे काही करत असेल. सात महिन्यांपर्यंतच्या तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात होते, आणि रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, रक्तदाब यांची सारी माहिती एका पिशवीतल्या कागदांवर अवलंबून असते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने घर सोडणाऱ्या कुटुंबातील क्षयरोग्याची स्थितीही हीच आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना याच अडचणीला उत्तर देऊ पाहते. आभा नावाचा १४ अंकी क्रमांक घेणाऱ्या व्यक्तीच्या नोंदी कोणत्याही एका केंद्रीय साठ्यात जमा होत नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवल्या जातात. ही देवाणघेवाण फायर या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते, ज्यात औषध, तपासणी, निदान अशा प्रत्येक घटकासाठी ठरलेला साचा असतो.

'आमची प्रणाली मिशनशी जोडलेली आहे' असे विक्रेता सांगतो तेव्हा पुढचा प्रश्न विचारणे भाग आहे, कारण या जोडणीचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात आभा क्रमांक तयार करता आणि पडताळता येतो, दुसऱ्यात रुग्णालय आपल्याकडील नोंदी पाठवू शकते, आणि तिसऱ्यात संमतीनंतर इतर ठिकाणच्या नोंदी मागवून पाहू शकते. केवळ पहिला टप्पा पूर्ण झालेल्या प्रणालीचा माहेरी आलेल्या गरोदर स्त्रीला काही उपयोग नाही. शिवाय फायरच्या साच्यात स्कॅन केलेला कागदही पाठवता येतो. नियम पाळला जातो, परंतु समोरच्या प्रणालीला त्यातील हिमोग्लोबिनचा आकडा वाचून आलेखात मांडता येत नाही. पाठवली जाणारी नोंद आकड्यांच्या रूपात जाते की चित्राच्या, हे पाहिल्याशिवाय जोडणीचा दावा स्वीकारू नये.

सुरक्षिततेच्या बाबतीत दिल्लीच्या एम्समधील घटना प्रत्येक रुग्णालयाने अभ्यासावी अशी आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, माहिती कुलूपबंद केली गेली, पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणी, तपासण्या, दाखल करणे ही सर्व कामे हाताने करावी लागली. देशातील अग्रगण्य संस्थेत हे घडू शकते, तर तालुक्याच्या ठिकाणी ते घडणार नाही असे मानण्यास आधार नाही. म्हणून माहितीची प्रत मूळ सर्व्हरपासून पूर्णपणे तोडून ठेवली जाते का, ती प्रत परत चढवून पाहण्याचा सराव शेवटचा कधी झाला, प्रणाली बंद पडल्यास वापरायचे छापील नमुने वॉर्डात हाताशी आहेत का, आणि कोणी कोणती नोंद केव्हा उघडली याची न पुसता येणारी यादी राहते का, हे विचारले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे कायदेशीर वजनही आले आहे. गावात सर्व जण एकमेकांना ओळखत असताना एखाद्या तरुणीचा एचआयव्हीचा किंवा गर्भधारणेचा अहवाल कोणत्याही कर्मचाऱ्याला उघडता येणे, ही तिच्यावरची उघड हिंसा आहे, आणि ती रोखण्याची सोय नसलेली प्रणाली बाकी कितीही सोयीची असली तरी बाजूला ठेवावी.

कराराचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तो संपतानाच्या अटी. विक्रेता व्यवसाय बंद करू शकतो, वर्गणी वाढवू शकतो किंवा रुग्णालयालाच दुसरी प्रणाली हवी असू शकते. त्या वेळी दहा वर्षांच्या नोंदी कोणत्या रूपात हाती पडणार, हे सही करण्यापूर्वीच ठरले पाहिजे. याची खात्री करण्याचा एक उपाय असा, की चाचणीच्या काळातच एक दीर्घकाळ आजारी असलेला, एक शस्त्रक्रिया झालेला आणि एक प्रसूतीचा, अशा तीन काल्पनिक रुग्णांच्या नोंदी पूर्ण भराव्यात आणि त्या संपूर्णपणे, म्हणजे औषधे, तपासण्यांची मूल्ये, क्ष-किरणांच्या प्रतिमा आणि कोणी काय बदलले त्या वेळांसह, बाहेर काढून देण्यास विक्रेत्याला सांगावे, आणि नंतर त्या विक्रेत्याच्या प्रणालीशिवाय उघडून पाहाव्यात.

नवी प्रणाली सुरू झाल्यावर रेकॉर्ड रूममधील जुन्या केसपेपरच्या गठ्ठ्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. सगळे गठ्ठे स्कॅन करण्याचा मोह महागात पडतो आणि त्यातून हाती पडतात ती न शोधता येणारी चित्रे. त्याऐवजी जुना रुग्ण पुढच्या वेळी आला, की त्याच्या कागदातून ॲलर्जी, दीर्घकालीन आजार, झालेल्या शस्त्रक्रिया आणि सध्या चालू असलेली औषधे एवढ्या चारच गोष्टी सिस्टरने किंवा कनिष्ठ डॉक्टरने नव्या नोंदीत भराव्यात, रुग्णाला वाचून दाखवून त्याच्याकडून त्या बरोबर असल्याची खात्री करून घ्यावी, आणि मूळ कागद मुदत संपेपर्यंत त्याच्या जुन्या क्रमांकासह कपाटात राहू द्यावा.